पुढची रांग

समजा, तुमच्यासमोर चार फूट रुंदीची एक फळी आहे. तिच्यावर साबणाच्या चाळीस वड्या मावतात आणि तुमच्याकडे आहेत अकरा. काम एवढंच, की फळी भरलेली दिसली पाहिजे. कशी भराल?

पहिल्यांदा तुम्ही अकराच्या अकरा वड्या मधोमध रचाल. सगळेच तसं करतात. मग दोन्ही बाजू उघड्या पडतात. दुसऱ्यांदा तुम्ही त्या लांब लांब मांडाल, तर त्या भांडण झालेल्या जावांसारख्या एकमेकींकडे पाठ करून बसल्यासारख्या दिसतात. खरी युक्ती अशी : सगळ्या वड्या फळीच्या अगदी काठावर आणायच्या, नाव समोर, दोन वड्यांमध्ये बोटभर अंतर, आणि मागे रिकामं खोकं आडवं सरकवायचं, म्हणजे मागचा अंधार दिसत नाही. मग सात पावलं मागे जायचं आणि डोक्यात भलताच विचार चालू असल्यासारखं समोरून चालत यायचं. नजर कुठे अडखळली नाही, तर फळी भरली. दोन मिनिटांनी एक बाई येते, नेमकी मधलीच वडी उचलते आणि चालायला लागते. की पुन्हा पहिल्यापासून.

हे काम फेसताईंनी एकवीस वर्षं केलं. खरं नाव त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर आहे, पण ते बँकेशिवाय कुणी वापरत नाही. फेसताई हे नाव पडलं ते दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी.

तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. गावाबाहेरच्या पडीक मैदानावर वर्षभर लोखंडी खांब उभे राहत होते आणि गावात तर्क चालले होते. कुणी म्हणे थिएटर, कुणी म्हणे कारखाना. शेवटी निघालं दुकान. पण केवढं, तर गावातली सगळी दुकानं आत मांडून वर मुलांना खेळायला जागा उरेल एवढं. कंपनीने दिलेलं लांबलचक नाव कुणाच्या जिभेवर बसेना. लोक त्याला नुसतं ‘मोठं’ म्हणायला लागले. मोठ्यात जाऊन येते. मोठ्यात बघ, मिळेल. आजही तसंच म्हणतात.

मुख्य कार्यालयातून एक बाई शिकवायला आल्या होत्या. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. संध्याकाळी जाता जाता त्या म्हणाल्या की उद्या सकाळी आठच्या आत सगळ्या फळ्यांचं फेसिंग झालेलं पाहिजे. फेसताईंच्या वाट्याला साबणाची गल्ली आली होती. फळ्यांच्या दोन रांगांमधल्या रस्त्याला दुकानात गल्ली म्हणतात. आता साबणाची गल्ली आणि फेसिंग म्हटल्यावर शंका विचारायला जागाच कुठे होती? दुसऱ्या दिवशी साडेसहाला येऊन फेसताईंनी चार बायकांना कामाला लावलं, सगळा माल खाली उतरवला, बादल्या भरल्या आणि एकूण एक फळीला भरघोस फेस काढला. पावडर कमी पडली तेव्हा विकायचाच एक पुडा फोडला. आठ वाजता शिकवणाऱ्या बाई गल्लीत वळल्या, त्या थेट घसरत दुसऱ्या टोकाला पोचल्या.

उठून बसल्यावर त्यांनी विचारलं, “हे काय चाललंय?”

“फेस काढतोय,” फेसताई म्हणाल्या. “तुम्हीच सांगितलं होतं ना.”

हसावं की रडावं ते बाईंना कळेना. मग त्यांनी ओल्या फळीवरच चार डबे मांडून दाखवले. फेस म्हणजे तोंड, डब्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे. सगळ्यांना कळलं, पण शब्द काही सुटला नाही. तेव्हापासून मोठ्यात या कामाला ‘फेस काढणं’ म्हणतात. नव्या माणसाला सांगतात, जा, बिस्किटांच्या गल्लीत फेस काढून ये. तो बादली शोधत दुकानभर हिंडतो आणि जुनी मंडळी पोट धरून हसतात.

पहिल्या काही वर्षांबद्दल फेसताईंना विचारलं, तर हातातलं काम थांबतं. दार आपोआप उघडतं याचंच तेव्हा गावाला केवढं अप्रूप. एक म्हातारे मास्तर दारापाशी येऊन थांबायचे, दार उघडलं की मान लववून त्याला ‘आभारी आहे’ म्हणायचे आणि मगच आत जायचे. पुढची नऊ वर्षं, म्हणजे अगदी शेवटपर्यंत, त्यांनी तो नेम मोडला नाही. लोक इस्त्रीचे कपडे घालून यायचे. काही घ्यायचं नसलं तरी ढकलगाडी घ्यायचे, आणि रिकामी गाडी लोकांना दिसू नये म्हणून तिच्यात आपलीच पिशवी ठेवायचे. उन्हाळ्यात गारव्याला येणाऱ्यांचा ताफा वेगळा. एक गृहस्थ रोज दुपारी गाद्यांच्या गल्लीत गादी तपासायला आडवे व्हायचे, आणि चार वाजता त्यांना उठवायचं काम वॉचमनकाकांकडे होतं. कुणाचा निकाल लागला, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं फेसताईंना फळ्यांआडून कळायचं. हात कामात आणि कान मोकळे. आठवड्याला तीन ट्रक यायचे. माल चढवता चढवता तोंडाला फेस यायचा, आणि हा विनोद दर ट्रकला कुणीतरी करायचंच.

घरी मात्र हा विनोद चालत नसे. फेसताईंच्या सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, बाजारपेठेत किराणा दुकान होतं. सुनेने मोठ्यात नोकरी धरली तेव्हा ते एवढंच बोलले, की घरातलं एक माणूस तिकडे असलेलं बरं. चौथ्या वर्षी त्यांनी शटर ओढलं ते कायमचं. बाजारपेठेतली बाकीची दुकानंही एकेक करून गेली. बाबांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. फक्त मोठ्याच्या दारात त्यांनी पाऊल टाकलं नाही. साखर हवी असली तर सुनेला सांगायचे, “तुझ्याकडून आण.” फेसताईंचे यजमान बस चालवतात, रस्त्यावरच्या दोन ट्रकच्या मधून ते सहज बस काढतात, पण या दोघांच्या मध्ये कधी आले नाहीत.

दीड वर्षापूर्वी तीनाचे दोन ट्रक झाले आणि मग एकच उरला. आधी खेळण्यांची गल्ली गेली, मग गाद्यांची. गेलेल्या गल्ल्यांवरचे दिवे बंद करायचा हुकूम आला आणि दुकान मागच्या बाजूने विझत पुढे यायला लागलं. शेहेचाळीस माणसांची एकोणीस झाली. गावात पुन्हा तर्क सुरू झाले. कुणी म्हणे गोदाम करणार, कुणी म्हणे विकलंसुद्धा. बाजारपेठ तर कधीच संपली होती. मोठं गेलं तर साध्या सुईसाठीही लोकांना बसने पुढच्या शहरापर्यंत जावं लागणार होतं.

या काळात फेसताईंच्या हाताला मात्र धार आली. माल जितका कमी, तितकी करामत जास्त. सकाळी सातला येऊन त्या पुढची रांग लावायला घ्यायच्या आणि नऊला दार उघडेपर्यंत दुकान कसं भरलेलं. आता कंपनीचा एक नियम असा होता, की रोज सकाळी एकाने हातातलं मशीन घेऊन सगळ्या गल्ल्या फिरायच्या. जिथे फळी रिकामी दिसेल तिथल्या किमतीच्या पट्टीला मशीन लावायचं. ते टूं करतं आणि मुख्य कार्यालयाला कळतं की इथला माल संपला. बिलिंगवरची मुलगी मशीन घेऊन फिरायची, पण तिला रिकामी फळी दिसणार कुठून? तिच्या आधी फेसताई फिरून गेलेल्या असायच्या. ती परत येऊन अहवालात लिहायची, रिकाम्या जागा शून्य. असं सलग शंभर दिवस शून्य आल्यावर मुख्य कार्यालयाने फेसताईंच्या फोटोसकट प्रमाणपत्र पाठवलं. मॅनेजरनी ते चौकट करून हजेरीच्या मशीनशेजारी लावलं. वॉचमनकाका येता-जाता त्याला सलाम ठोकायचे.

एका मंगळवारी मॅनेजरनी फेसताईंना आत बोलावलं. हे चौथे मॅनेजर, वयाने त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बायको-मुलं दुसऱ्या शहरात. “ताई, गुरुवारी वरचे साहेब येतायत,” ते म्हणाले. “या भागातली आपली तीन दुकानं बघणार. त्यातलं एक बंद करायचंय.”

“कुठलं?”

“बघून ठरवणार म्हणतात. दुकान भरलेलं दिसलं पाहिजे, एवढं बघा. बाकी मी बोलतो.”

त्या दोन दिवसांत फेसताईंनी जन्मातलं सगळ्यात चांगलं काम केलं. डब्यांवर डबे चढवून दोन मजले केले. बादल्या उलट्या एकात एक घालून खांब उभारले. झाडूंच्या काड्या पसरून एका झाडूला दोघांची जागा दिली. विझलेल्या गल्ल्यांचे दिवे लावून तिथे दोन-दोन फुटांवर कपड्यांच्या टोपल्या मांडल्या. फळ्यांच्या मागच्या पोकळीत मिळून चारशेच्या वर रिकामी खोकी गेली. बुधवारी संध्याकाळी सहाला त्या दारापासून सात पावलं मागे गेल्या, वळल्या आणि बघतच राहिल्या. उद्घाटनाच्या दिवशी होतं तसं दिसत होतं. फक्त फेस नव्हता.

घरी बाबा खिडकीपाशी वाटाणे सोलत बसले होते. वय चौऱ्याऐंशी, पण हात अजून दुकानदाराचे, एक दाणा इकडचा तिकडे जात नाही. फेसताईंनी त्यांना सगळं रंगवून सांगितलं.

“आणि संपलंय काय काय?” बाबांनी विचारलं.

“पुष्कळ. पण दिसत नाही ते.”

“मग उद्या येणारा तो माणूस माल पाठवणार कसा?”

यामागे जुनी गोष्ट होती. बाबांच्या दुकानात पत्र्याचे चाळीस डबे असायचे. एखादा रिकामा झाला की धुऊन पुसून समोरच्या फळीवर तिथल्या तिथेच उलटा ठेवायचा. घाऊक माल देणारा आठवड्याला यायचा, तो यादी कधी मागत नसे. दारातून उलटे डबे बघायचा आणि गाडीतून पोती उतरवायला लागायचा. फेसताई नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांनी एकदा दुकान आवरलं होतं, आणि नीट दिसावेत म्हणून सगळे डबे सुलटे करून ठेवले होते.

“त्या आठवड्यात साखर आली नव्हती. आठवतंय का?” बाबा म्हणाले.

“बाबा, आमच्याकडे कॉम्प्युटर आहे. त्याला सगळं कळतं.”

“बरं बाई. त्याला कळत असेल.”

त्यांचं ते ‘बरं बाई’ फेसताईंना लागलं.

गुरुवारी साहेब आले. चाळिशीचे, मृदू बोलणारे, पायात करकरणारे नवे बूट. ते प्रत्येक गल्लीत थांबत होते, फोटो काढत होते. साबणाच्या गल्लीत आल्यावर म्हणाले, की इतकं नीटनेटकं दुकान या वर्षात पाहिलं नाही, हे काम कुणाचं? मॅनेजरनी फेसताईंना पुढे केलं. एकवीस वर्षांत वरच्या कुणी तोंडावर केलेली ही पहिली स्तुती. फेसताईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी उगाचच एक सरळ वडी पुन्हा सरळ केली.

मग साहेबांचा फोन वाजला आणि ते शेजारच्या गल्लीत गेले. मध्ये फक्त फळ्या होत्या. फेसताईंचे कान तर असल्या ऐकण्यात तयार झालेले.

“नाही, नाही, मालाचा प्रश्नच नाही,” साहेब फोनवर सांगत होते. “फळ्या गच्च भरल्यात. कॉम्प्युटरही माल आहे म्हणतोय, रिकाम्या जागांचा अहवाल वर्षभर शून्य आहे. माल पडून आहे आणि खप नाही. म्हणजे गिऱ्हाईकच उरलं नाही. बंद करायचं तर हेच.”

फेसताई तिथेच उभ्या राहिल्या. कॉम्प्युटर माल आहे म्हणत होता, कारण जे फुटलं, खराब झालं, कुणी न विचारता नेलं, ते त्याला कुणी कळवलंच नव्हतं. ते कळवायला होतं मशीन. मशीनला लागायची रिकामी फळी. आणि रिकामी फळी दुकानात एकही नव्हती. गिऱ्हाइकं यायची, हवी ती वस्तू नसली की दुसरीकडे जायची, आणि कागदावर दिसायचं की माल आहे, माणसं नाहीत. त्या आठवड्यात साखर आली नव्हती.

साहेब परत आले तेव्हा फेसताई म्हणाल्या, “साहेब, एक मिनिट इकडे बघा.”

त्यांनी दोन वड्यांच्या मधून हात घातला. आधी कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. आतलं खोकं धरून त्यांनी ओढलं, तशी अख्खी पुढची रांग खाली कोसळली आणि रिकामं खोकं घरंगळत साहेबांच्या बुटांपाशी जाऊन थांबलं. एकवीस वर्षांत फेसताईंच्या हातून फळीवरची एक वस्तू पडली नव्हती. मॅनेजरनी डोळे मिटून घेतले. फेसताईंनी पुढच्या फळीत हात घातला, मग तिच्या पुढच्या.

“हे कधीपासून असं आहे?” साहेबांनी विचारलं.

“ट्रक कमी झाले तेव्हापासून.”

“असं लावायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

फेसताईंनी मॅनेजरकडे पाहिलं नाही. “कोणी नाही. मला रिकामं बघवत नाही,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी मशीन मागवलं. दुपारपर्यंत ती दोघं गल्लोगल्ली फिरली. फेसताई पुढची रांग काढायच्या, साहेब पट्टीला मशीन लावायचे आणि मशीन टूं करायचं. वॉचमनकाका दारातून ऐकत होते; म्हणाले, एवढी टूंटूं तर उद्घाटनालाही नव्हती. आकडा नऊशेच्या पुढे गेला तेव्हा साहेबांनी कपाळ पुसलं. जाताना त्यांनी सांगितलं की निर्णय त्यांच्या एकट्याचा नाही, आज जे दिसलं ते ते वर मांडतील. मग दारात थांबून म्हणाले, “ताई, तोपर्यंत फेसिंग करू नका. रिकामं दिसू द्या.”

आता तीन आठवडे झाले. फळ्यांवर भगदाडं आहेत आणि फेसताईंना त्यांच्यासमोरून हात न लावता जावं लागतं. हात खिशात घालावेत तर गणवेशाला खिसा नाही. संपलेल्या वस्तूच्या जागी त्या एक डबा उलटा ठेवतात, बस्स. गिऱ्हाइकं बघतात आणि विचारतात, बंद होतंय वाटतं? फेसताई म्हणतात, माल मागवलाय. मधल्या काळात एक जादा ट्रक आला. साबण आले, साखर आली. बाकीच्याचं काही कळलेलं नाही. बाकीची दोन दुकानंही साहेबांनी बघितली म्हणतात. फेसताईंनी मॅनेजरना प्रमाणपत्र काढून ठेवायला सांगितलं, तर ते म्हणाले, राहू दे ताई, भिंत रिकामी दिसेल. दोघांनाही हसू आवरेना.

मागच्या सोमवारी दुपारी दार उघडलं आणि बाबा आत आले. मुलाच्या बसने आले होते. शटर ओढल्यापासून सतरा वर्षं हे दुकान त्यांनी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलं होतं. आत दोन पावलं टाकून ते थांबले, वर दिव्यांकडे पाहिलं, आणि हातातली काठी टेकत किराण्याच्या गल्लीत गेले. फेसताई मागोमाग. बाबांनी सगळी गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहिली. उलट्या डब्यांपाशी जरा जास्त वेळ थांबले.

“यादी चांगली लिहिलीयस,” ते म्हणाले. मग साखरेची एक पिशवी उचलली आणि बिलिंगपाशी रांगेत जाऊन उभे राहिले. सून पैसे द्यायला पुढे झाली, तर तिला हातानेच मागे सारलं.

त्या दिवशी घरी जाण्याआधी फेसताईंनी मुख्य कार्यालयाला जाणारा आठवड्याचा अहवाल हाती घेतला. शेवटी एक चौकोन असतो, आणखी काही सांगायचं आहे का, असा. एकवीस वर्षांत त्यांनी तो कधी भरला नव्हता. या वेळी बराच वेळ पेन धरून बसल्या आणि शेवटी एकच ओळ लिहिली. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. दर ट्रकबरोबर येणाऱ्या कागदांत त्या ते शोधतात.

ओळ अशी आहे : मी पहिल्या दिवसापासून रिकामं तसंच रिकामं दिसू दिलं असतं, तर तुम्ही माल पाठवला असता का?